कारभाऱ्याचा हिशेब : जॉन वेस्ली यांच्या 'द यूज ऑफ मनी' या प्रवचनाची चिकित्सा

प्रस्तावना

ख्रिस्ती माणसाने पैसा कसा मिळवावा, कसा राखावा आणि कोणासाठी खर्चावा, या प्रश्नावर इंग्रजीत विपुल धर्मपर वाङ्मय निर्माण झाले आहे. त्यात मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांच्या 'द यूज ऑफ मनी' या प्रवचनाइतके उद्धृत झालेले आणि तितकेच अर्धवट वाचले गेलेले दुसरे लेखन सापडणे कठीण आहे. १७६० मध्ये त्यांच्या प्रवचनसंग्रहाच्या चौथ्या खंडात ते प्रसिद्ध झाले. मिळवणे, राखणे आणि देणे या तीन क्रियांविषयीचे तीन नियम एवढीच त्याची सर्वसाधारण ओळख आहे. हे तीन नियम सुटसुटीत असल्यामुळे ते सुभाषितासारखे मुखोद्गत झाले आणि सुभाषिताच्या वाट्याला जे येते तेच त्यांच्याही वाट्याला आले : प्रत्येकाने आपल्या सोयीचा भाग उचलला. काटकसरीचा उपदेश करणाऱ्यांना त्यात काटकसर सापडली, उद्योगाची महती सांगणाऱ्यांना उद्योग, आणि वर्गणी मागणाऱ्यांना दान.

प्रस्तुत लेखात या प्रवचनाचा विचार एक वाङ्मयीन व वैचारिक संहिता म्हणून केला आहे. वेस्ली यांच्या अनुयायांनी पहिले दोन नियम पाळले आणि तिसरा सोडला, अशी तक्रार स्वतः वेस्ली यांनीच उत्तरायुष्यात केली. या तक्रारीत अनुयायांच्या दौर्बल्याचा भाग आहेच. परंतु हे अपयश काही अंशी संहितेच्या रचनेतच दडलेले होते, असे बारकाईने वाचल्यास दिसून येते. 'पुरेसे' म्हणजे किती, हे ठरविण्याचा सर्व अधिकार हे प्रवचन एकट्या मिळवत्या माणसाच्या विवेकाकडे सोपविते. त्याच्या घरातील दुसरे माणूस तेथे केवळ पोसले जाणारे आहे. हिशेबात त्याचा हात नाही. या उणिवेचा शोध घेण्यासाठी मराठीतील एक आत्मकथन अनपेक्षितपणे उपयोगी पडते. तथापि त्याकडे वळण्यापूर्वी मूळ संहिता नीट पाहणे अगत्याचे आहे.

मिळविण्यावरील मर्यादा

प्रवचनाचा आधार लूककृत शुभवर्तमानाच्या १६व्या अध्यायातील अन्यायी कारभाऱ्याचा दृष्टान्त हा आहे. मालमत्तेची उधळपट्टी केल्याच्या आरोपावरून धनी कारभाऱ्याकडे हिशेब मागतो. नोकरी जाणार हे ओळखून कारभारी धन्याच्या ऋणकोंना बोलावतो, त्यांच्या खतांतील रकमा कमी करून देतो आणि पुढच्या दिवसांसाठी मित्र जोडून ठेवतो. भाष्यकारांना पिढ्यान्‌पिढ्या अडचणीत टाकणारा हा दृष्टान्त आहे, कारण धनी शेवटी या लबाड माणसाच्या चातुर्याची प्रशंसा करतो. वेस्ली या अडचणीत फारसे गुंतत नाहीत. त्यांना हवा आहे तो दृष्टान्तातील एकच धागा : कारभार काढून घेतला जाणार आहे, मृत्यू ही बडतर्फीची नोटीस आहे, आणि हिशेब द्यावयाचा आहे.

प्रारंभीच ते एक रूढ समज बाजूला सारतात. पैसा हे सर्व दुष्टतेचे मूळ नसून पैशाचा लोभ हे ते मूळ आहे, हा प्रेषित पौलाच्या वचनातील भेद ते स्पष्ट करतात. पैशाला शिव्या देणाऱ्या कवींची आणि तत्त्ववेत्त्यांची परंपरा त्यांना पोकळ वाटते. भुकेल्याचे अन्न, उघड्याचे वस्त्र, विधवेचा आधार, अनाथाचा पिता ही सर्व कामे पैसा करू शकतो, असे ते म्हणतात. संन्यासाची भाषा येथे नाही, ही गोष्ट भारतीय वाचकाने विशेषत्वाने लक्षात घ्यावी. पैसा टाकून देणे हे या प्रवचनातील ध्येय नव्हे. तो हातातून योग्य रीतीने पुढे जाऊ देणे हे ध्येय आहे.

पहिला नियम मिळविण्याचा. तो ऐकताच व्यापारी श्रोता सुखावला असेल. पण त्याचे सुख फार काळ टिकू नये अशीच व्यवस्था वेस्ली यांनी केली आहे. प्रवचनाचा हा भाग सर्वांत समृद्ध आहे, कारण येथे अठराव्या शतकातील इंग्लंडचा बाजार डोळ्यांपुढे उभा राहतो. जीव किंवा आरोग्य गमावून पैसा मिळवावयाचा नाही, असे सांगताना ते सोमल हाताळणाऱ्या आणि वितळत्या शिशाच्या वाफेत श्वास घेणाऱ्या कामगारांचे उदाहरण देतात. ज्यांची प्रकृती नाजूक आहे त्यांनी तासन्‌तास बसून लिहिण्याचा व्यवसायही पत्करू नये, असेही ते सुचवितात. मनाला इजा करून मिळविणे निषिद्ध : राजाचा कर बुडविणे, चोरटा माल विकणे, खोटे बोलल्याशिवाय न चालणारा धंदा करणे. याच ओघात ते स्वतःविषयी एक चमत्कारिक कबुली देतात. आपण गणित वा बीजगणिताचा सखोल अभ्यास केला तर ईश्वरविषयक श्रद्धा गमावून बसू, अशी त्यांची अनुभवान्ती खात्री झाली होती. इतरांनी मात्र तो जन्मभर केला तरी त्यांचे काही बिघडत नाही! गणिताच्या प्राध्यापकांनी या विधानाचा राग मानू नये. प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते आणि ती ज्याची त्याने ओळखावी, हे तत्त्व त्यातून वेस्ली मांडत आहेत. आणि पुढे याच तत्त्वाने त्यांची अडचण केली आहे.

शेजाऱ्याला इजा करून मिळविण्यावरचा निषेध अधिक तीक्ष्ण आहे. फुगविलेली बिले, जुगार आणि गहाणवटीचा धंदा हे सारे वर्ज्य. शेजाऱ्याचा धंदा बुडावा म्हणून बाजारभावापेक्षा कमी दराने माल विकणेही वर्ज्य, आणि त्याला गरज असलेला नोकर फोडून नेणेही वर्ज्य. दारू गाळून सरसकट विकणाऱ्यांना तर ते विषप्रयोग करणारेच ठरवितात. रोग लांबवून आपली प्राप्ती वाढविणारे वैद्य आणि औषधविक्रेतेही त्यांच्या तडाख्यातून सुटत नाहीत. स्पर्धा हा ज्या अर्थव्यवस्थेचा प्राण मानला गेला तिच्या उंबरठ्यावर उभे राहून हा उपदेशक कमी दराच्या विक्रीला पाप म्हणत आहे. ॲडम स्मिथ यांचा 'वेल्थ ऑफ नेशन्स' १७७६ मध्ये, म्हणजे या प्रवचनानंतर सोळा वर्षांनी, प्रसिद्ध झाला हे ध्यानात घेतले म्हणजे दोन जगांतील अंतर स्पष्ट होते. वेस्ली यांचा 'शक्य तितके' हा शब्दप्रयोग म्हणूनच फसवा आहे. वर सांगितलेल्या सर्व मर्यादा पाळल्यानंतर जे शक्य उरते तितकेच, असा त्याचा अर्थ आहे.

'राखणे' म्हणजे साठविणे नव्हे

दुसऱ्या नियमाचा विपर्यास सर्वाधिक झाला. इंग्रजीतील 'सेव्ह' या क्रियापदाला साठविणे आणि वाचविणे अशा दोन्ही छटा आहेत. मराठीत त्यांसाठी वेगळे शब्द असल्याने हा घोटाळा आपल्याकडे तरी होऊ नये. वेस्ली यांना अभिप्रेत असलेली क्रिया वाचविण्याची आहे, आणि तीही व्यर्थ खर्चापासून वाचविण्याची. देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराविषयीची फुशारकी या योहानाच्या पत्रातील त्रयीच्या आधाराने ते खर्चाचे वर्गीकरण करतात : चोखंदळ खाणे, भारी वस्त्रे, महागडे सामान व चित्रे, आणि लोकांनी वाहवा करावी म्हणून केलेला डामडौल. वासना पुरविली की ती शमत नाही, वाढते, हे त्यांचे निरीक्षण भारतीय वाचकाला परिचित वाटेल. बँकेत शिल्लक टाकावी, असा सल्ला मात्र येथे कोठेही नाही. उलट, वाचविलेले जवळच ठेवले तर ते वाचविलेच नाही, असा प्रवचनाचा रोख आहे.

याचा अर्थ उद्यासाठी तरतूद करणे पाप, असा घ्यावयाचा काय? वेस्ली इतके एकांगी नाहीत. डोंगरावरील प्रवचनावर त्यांनी जी स्वतंत्र प्रवचनमाला लिहिली, तिच्यात चार गोष्टी त्यांनी स्पष्टपणे मोकळ्या ठेवल्या आहेत : कर्ज फेडण्यापुरता पैसा, स्वतःच्या व कुटुंबाच्या साध्या गरजांपुरता पैसा, आपल्यामागे मुलांना कष्ट करून जगता येईल इतकी तरतूद, आणि चालू व्यवसायाला लागणारे भांडवल. यापलीकडे जे साठते ते मात्र पृथ्वीवरील संपत्तीचा साठा. भविष्यनिर्वाह निधी, विमा, घरासाठीचे कर्ज यांत गुंतलेल्या आजच्या पगारदाराने हा आराखडा आपल्या जमाखर्चावर ठेवून पाहिला तर कर्जफेड आणि कुटुंबाची तरतूद त्यात सहज बसते. दुसऱ्या सदनिकेपाशी मात्र तो अडखळतो.

मुलांच्या संदर्भातील परिच्छेद या प्रवचनातील सर्वांत धीट म्हणावा लागेल. मुलांवर चैनीचा खर्च करणे म्हणजे त्यांच्या वासनांना विकत घेऊन खतपाणी घालणे होय, असे वेस्ली यांना वाटते. वारशाविषयीचा त्यांचा विचार तर कोणत्याही मध्यमवर्गीय घरात वादळ उठवील. पैशाचे खरे मोल जाणणारे एखादेच अपत्य असेल तर बहुतेक संपत्ती त्याच्याकडे द्यावी आणि इतरांना त्यांच्या नित्याच्या राहणीपुरते ठेवावे; सगळीच मुले अजाण असतील तर प्रत्येकाला केवळ ददात पडणार नाही इतके देऊन उरलेले सर्व ईश्वराच्या कार्यास लावावे, असे ते सांगतात. समान वाटणीचा न्याय येथे गौण ठरतो. संपत्ती मुलांचीही नव्हे, बापाचीही नव्हे. ती धन्याची, ही कारभारीपणाची कल्पना येथे शेवटच्या टोकापर्यंत नेलेली आहे.

या उपदेशामागे आचरणाचे बळ होते, हे मान्य केलेच पाहिजे. चांदीच्या भांड्यांवरील कराच्या संदर्भात १७७६ मध्ये अधिकाऱ्यांनी विचारणा केली तेव्हा, आपल्याजवळ लंडनला दोन व ब्रिस्टलला दोन असे चांदीचे चमचे आहेत आणि सभोवती इतक्या लोकांना भाकरी नसताना आणखी घेण्याचा विचार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी पाठविले. 'द मोअर एक्सलंट वे' या १७८७ मधील प्रवचनात ते ऑक्सफर्डच्या एका तरुण मेथडिस्टाची हकीकत सांगतात. वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा तो २८ पौंडांत राहून २ पौंड देई. प्राप्ती ६०, ९० आणि १२० पौंड अशी वाढत गेली, तरी त्याचा खर्च २८ पौंडच राहिला आणि देणगी ३२, ६२, ९२ पौंडांवर गेली. हा तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे परंपरा मानते. हिशेब चोख आहे. मात्र हा अविवाहित माणसाचा हिशेब आहे, ही गोष्ट त्या आकड्यांइतकीच महत्त्वाची आहे.

दशमांश की सर्वस्व

तिसऱ्या नियमाशिवाय पहिले दोन व्यर्थ होत, हे वेस्ली निःसंदिग्धपणे सांगतात. जो मिळवितो आणि वाचवितो पण देत नाही, त्याची तुलना ते पैसा समुद्रात फेकणाऱ्याशी करतात. देण्याचा क्रमही ते आखून देतात. प्रथम स्वतःच्या अन्नवस्त्राची व आरोग्याची गरज. नंतर पत्नी, मुले, नोकरचाकर व घरातील इतर माणसे. त्यातून उरले तर विश्वासणाऱ्यांचे घराणे. त्यातूनही उरले तर सर्व माणसे. वरवर पाहता हा व्यवहारी क्रम आहे. परंतु त्यामागील भूमिका वेगळीच आहे : स्वतःच्या ताटातील भाकरीसुद्धा येथे 'दिलेली' असते, कारण तीही धन्याच्या कोठारातून धन्याच्याच आज्ञेने घेतलेली असते. त्यामुळे घरखर्च आणि धर्मादाय असे दोन कप्पे वेस्ली यांच्या वहीत नाहीत.

येथेच त्यांचा दशमांशाच्या प्रचलित कल्पनेशी विरोध येतो. उत्पन्नाचा दहावा हिस्सा मंडळीला दिला की उरलेले नऊ हिस्से आपले, अशी एक सोयीस्कर समजूत अनेक मंडळ्यांत रूढ आहे. मलाखीच्या पुस्तकाचा आधार तिला दिला जातो, आणि दहावा हिस्सा देणाऱ्याला अनेक पटींनी परतफेड होते, असे आश्वासन देणारे समृद्धीवादी उपदेशक तिचा मोबदला म्हणून भरभराट विकतात. वेस्ली यांचा कारभारी या सौद्यात बसत नाही. दहावा, तिसरा किंवा अर्धा नव्हे, तर सर्वच भाग देवाचा आहे, असे ते आवर्जून सांगतात. दशमांशाला व्यावहारिक बाजू आहे हे खरे : तो मोजता येतो, मागता येतो, आणि गरीब माणसालाही आपण आपला वाटा उचलला असे समाधान देतो. सर्वस्व मोजता येत नाही.

ही अडचण वेस्ली यांनी ओळखली होती. म्हणून एखाद्या खर्चाविषयी शंका आली तर स्वतःला विचारावयाचे चार प्रश्न त्यांनी दिले आहेत. हा खर्च मालक म्हणून करीत आहे की कारभारी म्हणून? पवित्र शास्त्राच्या कोणत्या आज्ञेनुसार करीत आहे? हा खर्च ख्रिस्ताच्या द्वारे देवाला यज्ञ म्हणून अर्पिता येईल काय? आणि पुनरुत्थानाच्या वेळी याबद्दल प्रतिफळ मिळेल अशी आशा बाळगता येईल काय? एवढ्यानेही शंका फिटली नाही तर करावयाची एक प्रार्थनाही ते देतात. उपदेशपर वाङ्मयात इतकी काटेकोर कसोटी विरळा. प्रश्न सोपे आहेत, भाषा साधी आहे. साध्या माणसांसाठी लिहितो आहोत ही आपली प्रतिज्ञा लेखकाने येथे पूर्ण केली आहे. परंतु चारही प्रश्न एकवचनी आहेत. ते विचारणारा एक, उत्तर देणारा तोच, आणि त्या उत्तराने ज्याचा फायदा वा तोटा व्हावयाचा तोही बऱ्याच अंशी तोच. न्यायाधीश, वकील आणि पक्षकार यांची खुर्ची एकच असली म्हणजे निकाल कसा लागतो, हे सांगण्यास धर्मशास्त्राची आवश्यकता नाही.

पेनीचा हिशेब आणि पौंडाचा हिशेब

वेस्ली यांना संघटनेचे महत्त्व कळत नव्हते, असे मुळीच नाही. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथील सभागृहावरील कर्ज फेडण्यासाठी प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी अशी सूचना पुढे आली. दहा-बारा जणांमागे एक नायक नेमण्यात आला. तो दर आठवड्याला प्रत्येकाला भेटे, पेनी गोळा करी आणि त्याच्या आत्मिक कुशलाची चौकशी करी. मेथडिस्ट चळवळीचा कणा ठरलेले 'वर्ग' या व्यवस्थेतूनच उभे राहिले. १७४६ मध्ये लंडनला गरजूंसाठी एक उसनवार निधी सुरू झाला. त्यातून २० शिलिंगांपर्यंतची रक्कम मिळे आणि ती तीन महिन्यांत फेडावी लागे. निधी पुढे वाढला. जेम्स लॅकिंग्टन नावाच्या गरीब चांभाराने १७७० च्या दशकात या निधीतून पाच पौंड घेऊन पुस्तकविक्री वाढविली आणि पुढे ते लंडनमधील अत्यंत यशस्वी ग्रंथविक्रेते झाले. श्रीमंत झाल्यावर १७९१ मधील आत्मचरित्रात त्यांनी मेथडिस्टांची यथेच्छ टिंगल केली. म्हातारपणी त्यांना पश्चात्ताप झाला आणि त्यांनी प्रार्थनागृहे बांधून दिली. तिन्ही नियमांची कथा एकाच आयुष्यात इतक्या वाकड्या वाटेने क्वचितच वाचावयास मिळते.

या उदाहरणांतून एक विसंगती पुढे येते. गरिबाच्या पेनीसाठी दर आठवड्याला दारात येणारा माणूस होता. पाच पौंडांच्या कर्जाला मुदत होती, हिशेब होता. श्रीमंताच्या शिलकी पौंडासाठी मात्र केवळ चार प्रश्न होते. मेथडिस्ट सभासदांसाठी १७४३ मध्ये केलेल्या सर्वसाधारण नियमांत पृथ्वीवर संपत्ती साठविण्यास मनाई होती, हे खरे. पण त्याच यादीत भारी वस्त्रांना आणि जकात चुकविलेल्या मालालाही मनाई होती, आणि या दोहोंत व पहिल्यात मूलभूत फरक आहे. भारी वस्त्र डोळ्यांना दिसते. चोरटा माल पकडता येतो. गरजेपेक्षा जास्त किती, हे मात्र बाहेरच्याला दिसत नाही, आणि आतल्याला पाहण्याची इच्छा नसते.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. उद्योगी, निर्व्यसनी, काटकसरी माणसे श्रीमंत होऊ लागली. 'द डेंजर ऑफ रिचेस', 'ऑन रिचेस' या उत्तरकालीन प्रवचनांतून वेस्ली यांचा स्वर अधिकाधिक व्याकूळ होत गेलेला दिसतो. आपल्या स्वस्त पुस्तिका अपेक्षेबाहेर खपल्यामुळे आपणही नकळत श्रीमंत झालो, असे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे. ते पैसे त्यांनी जवळ ठेवले नाहीत, एवढाच फरक. १७८६ मधील एका लेखात ते म्हणतात की, खरा धर्म उद्योग आणि काटकसर निर्माण करतो, त्यांतून संपत्ती येते आणि संपत्तीबरोबर धर्माचा गाभा नाहीसा होतो. १७८९ मध्ये त्यांनी विचारले की, पन्नास हजार मेथडिस्टांत तिसरा नियम पाळणारे पाचशे तरी सापडतील काय? माक्स वेबर यांनी १९०४-०५ मधील आपल्या विख्यात प्रबंधात १७८६ च्या लेखातील हेच निरीक्षण उद्धृत केले. देण्याच्या उपायाचा उल्लेख तेही करतात. पण त्यांच्या सिद्धान्ताला लागतात ते पहिले दोन नियमच. वेबर यांच्या वाचनाला अन्यायकारक म्हणण्याचा मोह टाळावा. इतिहासाने जसे प्रवचन वाचले तसेच वेबर यांनी वाचले.

कारभारी कोण?

मराठी बायबलने या दृष्टान्तासाठी 'कारभारी' हा शब्द योजला, आणि या शब्दाने मराठी वाचकासाठी एक वेगळाच अर्थ उघडला. पेशवाईतील व संस्थानांतील कारभारी नावाने सेवक असे आणि पुष्कळदा व्यवहारात धनी होऊन बसे. ग्रामीण महाराष्ट्रात पत्नी पतीला 'कारभारी' म्हणून हाक मारते. घराचा कारभार प्रत्यक्षात कोण हाकते, हा प्रश्न त्या हाकेत हळूच दडलेला असतो. वेस्ली यांच्या प्रवचनाला विचारावयाचा प्रश्न नेमका हाच आहे.

महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात सर्वस्व देण्याची उदाहरणे आहेत. १८४८ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी दुसऱ्याच वर्षी मिशनचा पगार नाकारला आणि ते गरीब वस्तीत अत्यल्प खर्चात राहिले. पुढे ते विल्यम टेलर यांच्या मेथडिस्ट मंडळीत सामील झाले, म्हणजे वेस्ली यांच्या परंपरेशी त्यांचे नाते औपचारिकही झाले. १८८८ मध्ये त्यांचे निधन झाले. बोवेन अविवाहित होते. २८ पौंडांत राहणाऱ्या ऑक्सफर्डच्या तरुणाप्रमाणे त्यांच्याही हिशेबात दुसरे कोणी नव्हते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची गोष्ट निराळी. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. पैशाविषयीची त्यांची बेफिकिरी, आल्यागेल्याला देऊन टाकण्याची वृत्ती, परक्या मुलांना घरात आणण्याचा उत्साह हे सर्व लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) या आत्मकथनामुळे मराठी वाचकाला ज्ञात आहे. टिळकांना वेस्ली यांचे अनुयायी म्हणण्याचे कारण नाही. त्यांची मंडळी वेगळी, घडण वेगळी, आणि त्यांच्या त्यागात भारतीय वैराग्याचा अंश मोठा आहे. परंतु तिसरा नियम एखाद्या संसारात अक्षरशः पाळला गेला तर काय होते, याचे इतके जिवंत चित्रण इंग्रजी उपदेशवाङ्मयात शोधूनही मिळणार नाही.

'स्मृतिचित्रे'चे मोठेपण असे की, लक्ष्मीबाई या औदार्याची टवाळी करीत नाहीत आणि त्याची आरतीही ओवाळीत नाहीत. त्या हसतात, चिडतात, आणि रात्रीच्या स्वयंपाकाची तजवीज करतात. पतीचे देणे आणि पत्नीचे वाचविणे ही एकाच घरातील दोन कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाशिवाय पहिले एक महिनाही चालले नसते, हे त्या कोठेही सिद्धान्त म्हणून मांडीत नाहीत. वाचकाला ते आपोआप कळते. वेस्ली यांनी एकाच माणसाला सांगितलेले नियम येथे दोन माणसांत वाटले गेले आहेत. फरक इतकाच की, देणाऱ्याचे नाव संत म्हणून घेतले जाते आणि वाचविणारीचे गृहिणी म्हणून.

या प्रकाशात प्रवचनातील देण्याचा क्रम पुन्हा वाचला म्हणजे त्यातील 'पत्नी' हा शब्द खटकू लागतो. स्वतःनंतर आणि मुलांच्या आधी तिचे नाव आहे. तिची गरज भागविण्याची आज्ञा आहे. पण गरज किती हे तिला विचारण्याची आज्ञा नाही. चार प्रश्नांपैकी एकही प्रश्न दोघांनी मिळून विचारावयाचा नाही. हा केवळ त्या काळाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही, कारण कमाईच्या बाबतीत वेस्ली आपल्या काळाच्या किती पुढे होते ते वर पाहिलेच आहे. त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचा येथे संबंध असावा. १७५१ मध्ये त्यांनी मेरी व्हझील या सधन विधवेशी विवाह केला. तिची संपत्ती तिच्या व तिच्या मुलांच्या नावे राखण्यात आली आणि वेस्ली तिच्यापासून अलिप्त राहिले. ही सचोटी निश्चितच होती. पण त्यामुळे पतिपत्नींनी एका वहीत हिशेब मांडण्याचा प्रसंगच त्यांच्यावर आला नाही. विवाह दुःखाचा ठरला, दोघे विभक्त राहू लागले, आणि १७८१ मध्ये मेरी यांचे निधन झाले. वेस्ली यांना मूल नव्हते.

जुलै १७९० मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी, त्यांनी जमाखर्चाची वही कायमची मिटली. थरथरत्या हाताने लिहिलेल्या त्या अखेरच्या नोंदीत, आजवर हिशेब चोख ठेवला, यापुढे ठेवीत नाही, आणि आपण वाचविता येईल ते वाचवितो व देता येईल ते, म्हणजे असेल ते सर्व, देतो याची आपल्याला खात्री आहे, असे त्यांनी नमूद केले. नोंद खरी आहे, यात शंका घेण्यास जागा नाही. ती तपासणारे दुसरे माणूस मात्र त्या वहीच्या आसपास कोठे नव्हते.